जपानी ॲनिमे आणि गाण्यांतलं प्रेम: काळ्या बाजूसकट कसं पाहावं, कसं ऐकावं

प्रेमकथा म्हणून एखादी ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनची, मालिका लावावी, चार भाग गोडीगुलाबीत जावेत आणि पाचव्यात कुणीतरी कुणाच्या तरी आयुष्याची माती करावी, असं या वाटेला नव्याने लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतं. पोस्टरवर चेरीची फुलं असतात, आत पाठलाग, फसवणूक, कधी थेट रक्त. इंटरनेटवरच्या याद्या 'रोमान्स' या एकाच खणात हे सगळं कोंबतात, त्यामुळे यादी हातात घेऊन निघालेला माणूस आणखीच गोंधळतो.

मी बरीच वर्षं ही ॲनिमे पाहते आणि ही गाणी ऐकते. त्यातून झालेलं मत आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत. उघडपणे काळ्या असलेल्या मालिका फारसं फसवत नाहीत. त्या काय आहेत ते दिसतं. सावध राहायला हवं ते गोड म्हणून समोर येणाऱ्या कथांत. म्हणून या लेखात गोड कथांना मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

सुरुवात करण्याआधी जवळ काय असावं

- क्रंचीरोल किंवा नेटफ्लिक्ससारखं एखादं अधिकृत सबस्क्रिप्शन. कुठली मालिका कुठे आहे हे सतत बदलतं, म्हणून पैसे भरण्याआधी तिथे शोधून बघा. चोरीच्या साइटवर भाग गाळलेले असतात आणि सबटायटल मनाला येईल तसे केलेले असतात. नात्यांच्या कथेत एक वाक्य चुकलं तरी माणूस वेगळाच दिसायला लागतो.
- मायॲनिमेलिस्ट किंवा ॲनिलिस्टवर खातं. काय पाहिलं, कुठे सोडलं याची नोंद राहते.
- 'डझ द डॉग डाय' ही साइट. लैंगिक अत्याचार, आत्महत्या, लहान मुलांवरचा अन्याय अशा गोष्टी कुठल्या कलाकृतीत आहेत, हे तिथे प्रेक्षकच नोंदवतात. कथा फार न फुटता इशारा मिळतो.
- गाण्यांसाठी शब्दांची साइट. जपानी वाचता येत असेल तर उता-नेट, व्होकलॉइड म्हणजे संगणकाने तयार केलेल्या आवाजातल्या गाण्यांसाठी व्होकाडीबी. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे. तुमच्या ओळखीत जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी करणारं कुणी असेल तर गाण्याचे शब्द त्यांच्यासोबत बसून वाचा.
- ज्याच्याशी पाहिलेल्यावर मोकळेपणाने बोलता येईल असं एक माणूस. हे यादीत शेवटी लिहिलं असलं तरी मला सगळ्यात गरजेचं वाटतं.

वयाच्या खुणेबद्दल एक सूचना. २०२१च्या नियमांनुसार भारतातल्या ओटीटीवर यू/ए १३+, यू/ए १६+, ए अशा खुणा असतात. रक्त, शिव्या, नग्नता किती आहे याचा अंदाज त्यावरून येतो. एक माणूस दुसऱ्याला हळूहळू कसा मुठीत घेतो, हे त्या खुणेत मावत नाही.

१. आधी दोन साध्या प्रेमकथा पाहा

जपानी शाळकरी प्रेमकथेची एक रीत असते. ती ठाऊक नसेल तर ती मोडलेली कळत नाही. समोरासमोर उभं राहून 'तू मला आवडतेस' असं स्पष्ट सांगायचं आणि होकार मिळाला की मगच दोघं जोडपं ठरतात, याला कोकुहाकु म्हणतात. जागा आणि दिवसही ठरलेले: शाळेची गच्ची, बुटांच्या कप्प्यात ठेवलेली चिठ्ठी, उन्हाळी जत्रेतली आतषबाजी, १४ फेब्रुवारीला मुलींनी द्यायची चॉकलेटं, १४ मार्चला म्हणजे व्हाइट डेला मुलांनी करायची परतफेड. ख्रिसमसची आदली संध्याकाळ तिकडे जोडप्यांची मानतात.

हे सगळं नीट अंगवळणी पडायला 'किमी नि तोदोके'चा २००९चा पहिला सीझन आणि २००८चं 'तोराडोरा' पुरेसं आहे. दोन्हींचे प्रत्येकी २५ भाग. पुढे भेटणाऱ्या काळ्या कथा याच गच्चीवर आणि याच डिसेंबरच्या संध्याकाळी घडतात, आणि मूळ चित्र मनात पक्कं असेल तरच त्यांचा घाव बसतो.

२. गोड दृश्यातली जबरदस्ती ओळखायला शिका

ही पायरी टाळू नका. २०१४ साली जपानमधल्या वर्षातल्या गाजलेल्या शब्दांत 'काबे-डोन' हा शब्द पहिल्या दहांत होता. मुलगा मुलीला भिंतीशी अडवतो आणि तिच्या डोक्याशेजारी धाडकन हात आपटतो, ते हे दृश्य. मुलींसाठीच्या मांगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथांमध्ये, ते रोमँटिक म्हणून येतं. त्याच वर्षी आलेल्या 'ओकामी शोजो तो कुरो ओजी'त मैत्रिणींपुढे खोटा बॉयफ्रेंड मिरवणाऱ्या एरिकाला, गुपित राखण्याच्या बदल्यात, शाळेतला देखणा क्योया आपला 'कुत्रा' म्हणून वागवतो. मालिका हलकीफुलकी आहे, रंग प्रसन्न आहेत, आणि आपण नकळत त्या दोघांचं जमावं म्हणून वाट बघत बसतो.

अशा दृश्यासाठी एक उपाय सांगते. ते दृश्य आवाज बंद करून पुन्हा पाहा. पियानो गेला की उरतं ते फक्त घट्ट धरलेलं मनगट आणि मागे सरकणारी मुलगी. हेच उलट बाजूनेही वापरता येतं: जबरदस्तीच्या क्षणी संगीत गोड होत असेल तर मालिकेला ती जबरदस्ती प्रेम म्हणून दाखवायची आहे, संगीत थांबत असेल, बेसूर होत असेल, तर काय चाललं आहे ते दिग्दर्शकाला माहीत आहे. हिंदी-मराठी सिनेमांत नायिकेचा पिच्छा पुरवणारे नायक पाहत आपण वाढलो, त्यामुळे आपल्या कानांना ही सवय मुद्दाम लावावी लागते.

दुसरी जागा वयाची. 'कार्डकॅप्टर साकुरा' ही लहान मुलांची, खरोखर सुंदर मालिका. तिच्या मूळ मांगामध्ये चौथीतली रिका आणि तिचे शिक्षक तेरादा यांचं नातं आहे, अंगठीसकट. १९९८च्या ॲनिमेने ते बरंच सौम्य केलं आणि मुलीच्या एकतर्फी आवडीपर्यंत आणून ठेवलं. 'फ्रूट्स बास्केट'मध्ये नायिका तोहरूचे आईवडील भेटले तेव्हा आई माध्यमिक शाळेत होती आणि वडील तिथेच प्रशिक्षणासाठी आलेले शिक्षक. कथा हे हळवेपणाने सांगते, आणि ती आई माझ्या आवडत्या पात्रांपैकी आहे, तरीही त्या नात्यातला अधिकाराचा फरक नजरेआड करू नये. जपानमध्ये मुलींच्या लग्नाचं किमान वय १६ वरून १८ झालं ते एप्रिल २०२२ मध्ये, आणि लैंगिक संमतीचं वय १३ वरून १६ झालं जुलै २०२३ मध्ये. जुन्या कथा वाचताना हा काळ लक्षात ठेवा. त्यातून त्या कथा का तशा आहेत ते कळतं. ते नातं बरोबर होतं असं त्यातून ठरत नाही.

पाहताना तीन प्रश्न मनाशी असू द्या. 'नाही' म्हटल्यावर समोरचा काय करतो? नातं सुरू झाल्यापासून तिचे किंवा त्याचे मित्र कमी झाले का? आणि दोघांपैकी एकाच्या हातात दुसऱ्याचे गुण, पगार किंवा छप्पर आहे का?

३. मग या क्रमाने काळोखात शिरा

लोक थेट सगळ्यात भडक मालिकेपासून सुरुवात करतात आणि एक तर हादरून सोडून देतात, नाहीतर नुसता रक्तपात मोजत बसतात. माझा क्रम असा आहे.

आधी 'फ्रूट्स बास्केट', २०१९ ते २०२१ची नवी आवृत्ती, ६३ भाग. विनोदी सुरुवातीला फसू नका. सोमा घराण्यावर कुलप्रमुख अकितोची जी पकड आहे, ती एका घरात प्रेम आणि भीती कशी एकजीव होतात ते दाखवते. इथे जखमी माणसांना बरं व्हायला वेळ दिला आहे, म्हणून हे पहिलं.

त्यानंतर 'नाना', आणि हिच्यासाठी सवड काढा. आई याझावा (आई हे तिचं नाव) या लेखिकेच्या मांगावरून मॅडहाऊस स्टुडिओने २००६-०७ मध्ये ४७ भागांत केलेली ही मालिका. नाना नावाच्या दोन विशीतल्या मुली टोकियोच्या गाडीत भेटतात आणि पुढे ७०७ क्रमांकाच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहतात. एक नाना ओसाकी, ब्लास्ट या पंक बँडची गायिका. दुसरी नाना कोमात्सु, जिला सगळे हाची म्हणतात. हिच्यात खून नाही, वेड लागलेलं पात्र नाही. आहे ते शेजारच्या घरात घडावं असं. ओसाकीचा प्रियकर रेन गळ्यात कुलूप घालतो आणि किल्ली तिच्याकडे असते. पहिल्यांदा पाहताना ते किती देखणं वाटतं! भाग पुढे सरकतात तसं कळत जातं की दोघांपैकी कुणालाच त्या कुलपातून बाहेर पडता येत नाही. ओसाकीचा जीव घुसमटतो, श्वास लागतो, आणि ती ते कुणाला सांगत नाही.

हाचीची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. तिच्या आयुष्यात येणारा ताकुमी यशस्वी आहे, पैसेवाला आहे, अंगावर पडलेली जबाबदारी उचलतो. आणि प्रत्येक बाबतीत शेवटचा शब्द त्याचाच असतो. हाची हळूहळू स्वतःचा आवाज खाली आणते, इतकी हळूहळू की प्रेक्षकालाही तो क्षण नेमका दाखवता येणार नाही. मुलीला चांगलं स्थळ मिळालं म्हणून आपल्याकडे पेढे वाटले गेले असते, असं हे नातं. म्हणूनच मराठी वाचकाने ते जरूर पाहावं.

सापळा एकच: 'नाना' पूर्ण नाही. लेखिकेच्या आजारपणामुळे मांगा २००९ मध्ये २१ खंडांवर थांबला आणि ॲनिमे त्याच्याही आधी थांबते. हे माहीत असूनच बसा.

तिसरी 'कुझु नो होन्काई', २०१७, १२ भाग. हानाबीचं आपल्या शिक्षकावर प्रेम, मुगीचं आपल्या शिक्षिकेवर. ते मिळणार नाही म्हणून दोघं एकमेकांना बदली म्हणून वापरायचं ठरवतात. दृश्यं उघड आहेत, प्रौढांनीच पाहावी. शारीरिक जवळीक असूनही येणारा एकटेपणा इतक्या सरळपणे मांडलेला मी फार कमी ठिकाणी पाहिला आहे.

४. यांडेरे: चेहऱ्यावरून ठरवू नका

यांडेरे म्हणजे प्रेमापायी तोल गेलेलं, प्रसंगी जीव घेणारं पात्र. रील्समध्ये दोन्ही हातांत गाल धरून हसणारी गुलाबी केसांची मुलगी तुम्ही पाहिलीच असेल. ती 'मिराई निक्की'तली युनो गासाई. ॲनिमे २०११-१२, २६ भाग. त्या एका चेहऱ्याचे फोटो आणि टी-शर्ट सगळीकडे फिरतात, आणि 'अशी प्रेम करणारी हवी' असं लिहिणारे मुलगे कमी नाहीत. मालिका मात्र युनोच्या घरात तिच्यासोबत काय झालं तेही दाखवते. ते पाहिल्यावर त्या हसण्याकडे पाहून हसू येत नाही. क्लिप पाहून मत बनवू नका, ही इथली पहिली सूचना.

दुसरी मालिका 'स्कूल डेज', २००७, १२ भाग. एक मुलगा, दोन मुली आणि कुणालाही 'नाही' म्हणण्याचं धैर्य नसलेला नायक माकोतो. प्रेक्षक शेवटाबद्दलच बोलतात. माझ्या मते पाहण्यासारखं आहे ते मधलं सगळं, त्याचं टाळणं, खोटं बोलणं आणि एका मुलीचं वर्गात एकटं पडत जाणं. शेवटचा भाग १८ सप्टेंबर २००७ ला दाखवला जाणार होता. त्याच दिवशी क्योतो प्रांतात एका १६ वर्षांच्या मुलीने वडिलांचा कुऱ्हाडीने खून केल्याची बातमी आली आणि टीव्ही कानागावा या वाहिनीने भाग मागे घेऊन निसर्गदृश्यं दाखवली. त्यांतल्या एका बोटीवरून 'नाइस बोट' हा चाहत्यांमधला शब्दप्रयोग आला. कुणी तो वापरला तर त्यामागे एक खरं घर उद्ध्वस्त झालं होतं, हे आठवू द्या.

प्रेम आणि मृत्यूची अशी गाठ जपानी कलेत जुनी आहे. १७०३ मध्ये ओसाकातल्या सोनेझाकीच्या वनात ओहात्सु आणि तोकुबेई या जोडप्याने एकत्र जीव दिला आणि त्याच वर्षी चिकामात्सु मोन्झाएमोनने त्यावर बाहुलीनाट्य रचलं. नाटक तुफान चाललं, तशा घटनाही वाढल्या म्हणून १७२०च्या दशकात शोगुनांच्या सरकारने या विषयावरच्या नाटकांवर बंदी आणली.

५. गाणी वगळू नका, आणि चालीवर विश्वास ठेवू नका

'स्किप इंट्रो'चं बटण दाबायचं नाही, हा नियमच करा. 'नाना'त तर गाणी कथेचा भाग आहेत. आन्ना त्सुचियाची गाणी ब्लास्टच्या नानाचा आवाज म्हणून, ऑलिव्हियाची गाणी ट्रॅपनेस्ट बँडच्या रेइराचा आवाज म्हणून बाहेर आली आणि श्रेयनामावलीतही तसंच छापलं गेलं. 'कुझु नो होन्काई'चं सायुरीने गायलेलं एंडिंग, 'हेइकोसेन', भाग संपल्यावर लगेच बंद करू नका. पडद्यावर दोघं जे बोलत नाहीत ते तिथे आहे.

स्वतंत्र गाण्यांकडे वळताना एन्का या जुन्या वळणाच्या, भावुक जपानी गायनप्रकारातलं एक गाणं आधी ऐका: इशिकावा सायुरीचं १९८६चं 'अमागी-गोए'. इझु द्वीपकल्पातल्या अमागी घाटाची पार्श्वभूमी, आणि प्रियकर दुसरीकडे जाण्यापेक्षा त्याला मारावं का, असा विचार करणारी स्त्री. हे गाणं ३१ डिसेंबरच्या रात्री एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीच्या कोहाकु या गाण्यांच्या कार्यक्रमात कितीदा तरी गायलं गेलं आहे, घरातली सगळी मंडळी एकत्र बसून ऐकतात. 'यांडेरे हे ॲनिमेवाल्यांचं खूळ' असं कुणी म्हणालं तर त्यांना हे गाणं ऐकवा.

मग व्होकलॉइड. हात्सुने मिकु हा आवाज ऑगस्ट २००७ मध्ये बाजारात आला आणि २००८ मध्येच सुपरसेल या गटाच्या र्योने तिच्याकडून 'कोई वा सेन्सो' गाऊन घेतलं, प्रेमाला युद्ध म्हणणारं. संगणकी आवाजाला लाज नसते, संकोच नसतो. त्यामुळे हेवा, स्वतःचा तिरस्कार, कुणाला तरी चिकटून राहण्याची गरज या गोष्टी तिथे जितक्या उघड मांडल्या जातात तितक्या मुख्य प्रवाहात क्वचितच.

सर्वांत मोठा सापळा वेगवान, नाचायला लावणाऱ्या चालींचा. योआसोबी या जोडीचं 'योरु नि काकेरु' डिसेंबर २०१९ मध्ये आलं आणि २०२०च्या बिलबोर्ड जपानच्या वार्षिक यादीत पहिलं ठरलं. पार्टीत वाजवतात ते. ज्या लघुकथेवर ते बेतलं आहे ती मरणाच्या ओढीबद्दल आहे. प्रिय व्यक्तीला पाठवण्याआधी शब्द वाचा, आणि स्वतःचं मन खचलेलं असेल तर ते लूपवर लावू नका.

६. चाहत्यांचं प्रेम वेगळं समजून घ्या

दोन माणसांतल्या प्रेमापेक्षा हे निराळं, आणि ॲनिमे आणि संगीत इथे खरोखर एकमेकांत मिसळतात. सातोशी कोनचा 'परफेक्ट ब्लू' हा चित्रपट १९९७चा. आयडॉल गट, म्हणजे चाहत्यांसाठी घडवलेल्या तरुण गायिका-नर्तिकांचा गट, सोडून अभिनयाकडे वळणारी मिमा, तिच्या नावाने इंटरनेटवर कुणीतरी लिहीत असलेली रोजनिशी आणि 'खरी मिमा' आपल्यालाच ठाऊक आहे असं मानणारा एक चाहता. बलात्काराच्या दृश्याचं चित्रीकरण यात आहे. पाहण्याआधी हे माहीत असू द्या. २०२३ची 'ओशी नो को' ही मालिका त्याच प्रश्नावर येते. पहिला भाग जवळजवळ दीड तासाचा आहे, तो एका बैठकीत पाहा आणि त्यानंतरच योआसोबीचं 'आयडॉल' ऐका. गाण्यातला आवाज मधेच बदलतो, चाहत्यांचं कौतुक, गटातल्या इतर मुलींचा हेवा आणि शेवटी स्वतः मालिकेतली आयडॉल, जिचं नावच आई आहे. क्रम उलटा केलात तर ते नुसतं जोशपूर्ण गाणं वाटेल.

यामागची खरी दुनिया अशी. अनेक आयडॉल मुलींच्या करारात प्रेमसंबंधांना मनाई असते. जानेवारी २०१३ मध्ये एकेबी४८ या आयडॉल गटाच्या मिनामी मिनेगिशीने, एका मुलाच्या घरी रात्र काढल्याची बातमी साप्ताहिकात आल्यावर, डोकं भादरून व्हिडिओत रडत माफी मागितली. टोकियो जिल्हा न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये अशा एका करारभंगासाठी माजी आयडॉलला ६ लाख ५० हजार येन भरायला लावले. जानेवारी २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात कंपनीचा दावा फेटाळला आणि प्रेम करणं हा सुख शोधण्याच्या हक्काचा भाग मानला. पाठलागविरोधी कायदा जपानमध्ये २००० साली झाला, सायतामातल्या ओकेगावा स्टेशनजवळ १९९९ मध्ये एका विद्यार्थिनीचा खून झाल्यानंतर. सोशल मीडियावरून सतत संदेश पाठवणं त्यात आलं ते डिसेंबर २०१६ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात टोकियोत एका तरुण गायिकेवर चाहत्याने चाकूने हल्ला केला होता.

आवडत्या गायिकेचं खासगी आयुष्य खोदणारे ग्रुप आपल्याकडेही आहेत. अशा ग्रुपमधून बाहेर पडा.

७. कुठे थांबायचं

झोप उडत असेल, एखादं दृश्य दिवसभर डोळ्यांपुढे येत असेल, किंवा पात्राच्या जागी स्वतःला ठेवून 'माझंही असंच चाललंय' असं वाटत असेल, तर मालिका अर्धी सोडा. नोंद केलेली आहे, परत येता येईल. घरात शाळकरी मुलं असतील तर त्यांच्याकडून फोन काढून घेण्यापेक्षा दोन भाग त्यांच्यासोबत बसून पाहा आणि दुसऱ्या पायरीतले तीन प्रश्न त्यांना विचारा. मुलं फार नेमकी उत्तरं देतात.

आणि पडद्यावर जे दिसलं ते तुमच्या नात्यात घडत असेल, तर पुरुषाने स्त्रीचा पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे, ऑनलाइन पाळत ठेवणंही त्यात येतं. महिलांसाठी १८१, अठरा वर्षांखालील मुलामुलींसाठी १०९८. मन खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.